मधल्या फळीचा इतिहास

कंधारचा किल्ला पाहावयास येणारा मनुष्य दरवाजापाशीं थांबतो, बुरुजावर चढतो, आणि खंदक मात्र न पाहतां ओलांडून जातो. किल्ला भुईकोट आहे. त्याच्या पाठीशीं डोंगर नाहीं. मन्याडच्या खोऱ्यांतील सपाट भूमीवर तो उभा आहे. अशा किल्ल्यावर शत्रु चालून आला म्हणजे त्याची पहिली गांठ पडावयाची ती खंदकाशीं. तरी बुरुजास नांव असावें, दरवाजास नांव असावें, आणि खंदक खणणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव कोणास ठाऊक नसावें, हा इतिहासाचा नेहमींचा शिरस्ता आहे. गांवाजवळील तलावाचीहि तीच गोष्ट. त्यास जगत्तुंग सागर म्हणतात. जगत्तुंग हें राष्ट्रकूट राजाचें बिरुद. बिरुद टिकलें, मातीच्या टोपल्या वाहणारे हात गेले. इतिहास शिकविण्यांत आमचें अर्धें आयुष्य सरलें, तरी या शिरस्त्याचा खरा अर्थ आमच्या ध्यानांत आला तो फुटबॉलच्या खेळामुळें, असें सांगितलें तर आमच्या कांहीं व्यवसायबंधूंस हंसूं येईल. परंतु गोष्ट खरी आहे.

त्याचें असें झालें. भारतीय फुटबॉल संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या आयुष्यावरील 'मैदान' हा हिंदी चित्रपट २०२४ सालीं निघाला. तो पाहून आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें, हैदराबाद संस्थानाचें प्रकरण चाललें असतां, मध्येंच उभें राहून विचारलें, "सर, रहीमसाहेब हैदराबादचे. तेव्हां आपलं कंधारसुद्धां हैदराबादेंतच होतं. मग ते आपले म्हणायचे, कीं त्यांचे?" वर्गांत हंशा पिकला. "त्यांचे म्हणजे कोणाचे?" असें उलट विचारून आम्हीं वेळ मारून नेली. शिक्षकानें उलट प्रश्न केला म्हणजे त्याजपाशीं उत्तर नाहीं असें वाचकांनीं खुशाल समजावें. तें उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत कंधार हा निजामाच्या राज्यांतील नांदेड जिल्ह्याचा एक तालुका होता. आमच्या वडिलांचें वरच्या इयत्तांचें शिक्षण उर्दूंतून झालें. नांदेडास मीटरगेज आगगाडींत बसलें कीं ती सिकंदराबादेस पोंचवी. मोठें कोर्ट, मोठी कचेरी, परीक्षा, नोकरी, दवाखाना, सर्व वाटा त्याच शहराकडे जात. मुंबई आणि पुणें हीं आमच्या लोकांच्या दृष्टीनें वर्तमानपत्रांतलीं गांवें होतीं. परंतु याच प्रांतानें रझाकारांचा धुमाकूळ भोगला. १९४८ च्या जानेवारींत उमरीची बँक फोडून स्वातंत्र्यलढ्यास पैसा पुरविणारे लोक याच जिल्ह्यांतले. कल्हाळीची गढी लढविणारे याच तालुक्यांतले. त्या दिवसांत 'पोलीस' हा शब्द आमच्या खेड्यांतून कोणत्या स्वरांत उच्चारला जात असे, तें आम्हीं लहानपणीं वडिलांच्या तोंडून ऐकलें आहे. तो स्वर आदराचा नव्हता.

इतिहासाच्या शिक्षकास येथेंच थांबतां येत नाहीं. हैदराबादवरील कारवाईनंतर, ज्यांचा रझाकारांशीं कांहीं एक संबंध नव्हता अशा पुष्कळ निरपराध मुसलमान कुटुंबांवर सूड उगविला गेला. केंद्र सरकारनें पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत अधिक हानि झाल्याचें नोंदलें, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा व बीदर यांच्या जोडीस नांदेडचें नांव आहे. ही गोष्ट आमच्याकडील समारंभांच्या भाषणांत येत नाहीं. पण भाषणांत येत नाहीं म्हणून ती घडलीच नाहीं असें होत नाहीं.

फुटबॉलच्या लेखांत हें सर्व कशासाठीं, असें कोणी विचारील. तें एवढ्यासाठीं कीं, ज्या संघानें हैदराबादचें नांव देशभर गाजविलें त्याचें नांवच मुळीं 'हैदराबाद सिटी पोलीस' असें होतें. आणि ज्या आमच्या वडिलांस पोलीस हा शब्द कडू लागे, तेच वडील १९५० नंतर शिक्षणासाठीं हैदराबादेस गेले तेव्हां त्याच पोलिसांचा खेळ पाहण्यासाठीं मैदानाच्या कडेला तासन् तास उभे राहत. पुढें म्हातारपणीं ओसरीवर बसून ते सांगत, "आपल्या पोलिसांनीं कलकत्तेवाल्यांना हरवलं." एकाच मनुष्याच्या तोंडीं एकच शब्द दोन निरनिराळ्या स्वरांत येत असे, आणि त्यास स्वतःस त्यांत कांहीं विसंगत वाटत नसे. आम्हांस मात्र ती विसंगति वाटे. त्यांना ती कां वाटत नव्हती, याचा शोध आम्हीं फार उशिरां घेतला.

रहीम यांचा जन्म १९०९ सालचा, हैदराबादेंतलाच. शिक्षण उस्मानिया विद्यापीठांत झालें, पेशा शाळामास्तरचा. हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीस म्हणून त्यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें, आणि १९५० पासून पोलीस संघाचें शिक्षण त्यांच्याकडे होतें. त्याच वर्षीं पोलीस संघानें मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला आणि ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यांत मोहन बागानवर मात केली. रोव्हर्स चषक तर त्यांनीं १९५० ते १९५४ असा सलग पांच वर्षें आपल्याकडे ठेविला. १९५१ च्या मार्च महिन्यांत दिल्लीस पहिले आशियाई खेळ झाले. अंतिम सामन्यांत भारतानें इराणवर एक गोलानें विजय मिळविला, आणि त्या भारतीय संघाचे शिक्षक रहीमच होते. ज्या शहरावर अडीच वर्षांपूर्वीं भारताचें लष्कर चालून गेलें, त्याच शहरांतला एक मास्तर भारताचा संघ घेऊन राजधानींत उभा राहिला. राजकीय इतिहासाच्या ग्रंथांत विलीनीकरणाचीं अनेक कलमें दिलेलीं असतात. त्यांत हें कलम आम्हांस अद्याप आढळलें नाहीं.

आतां या संघांतील कोणता खेळाडू आपण डोळ्यांपुढें घ्यावा? गोल करणाऱ्याचें नांव प्रत्येक वर्तमानपत्रांत छापून येतें. त्यास आमची गरज नाहीं. आम्ही घेणार तो हाफबॅक, म्हणजे मधल्या फळींतला माणूस. ज्या वाचकांनीं हा खेळ केवळ दुरून पाहिला असेल, त्यांच्यासाठीं या जागेविषयीं थोडें सांगितलें पाहिजे.

जुन्या मांडणींत गोलरक्षकापुढें दोन फुलबॅक, त्यांच्यापुढें तीन हाफबॅक आणि त्यांच्यापुढें पांच फॉरवर्ड असत. १९२५ सालीं ऑफसाइडचा नियम बदलला आणि फॉरवर्डांस मोकळीक मिळाली. तेव्हां तिघांतील मधला हाफबॅक मागें ओढून त्यास तिसरा बचावपटु करणें भाग पडलें. मधल्या फळींत उरले दोन. एवढ्या अफाट मैदानाचा मधला पट्टा या दोघांनीं सांभाळावयाचा. शत्रूच्या फॉरवर्डाच्या पायांतला चेंडू काढून घ्यावयाचा, तो आपल्या फॉरवर्डाच्या पायांत नेमका द्यावयाचा, आणि दिल्याबरोबर पुन्हां मागें धांवावयाचें. कारण दिलेला चेंडू हरवला तर पहिला जाब त्यालाच. त्यानें काम चोख केलें म्हणजे तें दिसत नाहीं, चुकलें म्हणजे साऱ्या मैदानास दिसतें. घरांतील स्वयंपाकाप्रमाणेंच हें काम आहे: मीठ बरोबर पडलें तर कोणी मिठाचें नांव काढीत नाहीं.

रहीम यांचें वैशिष्ट्य असें कीं, त्यांनीं या न दिसणाऱ्या कामावर भर दिला. पायांत चेंडू खेळवीत एकट्यानेंच पुढें जाण्याचा मोह आपल्याकडील खेळाडूंस फार. तो मोडावा म्हणून त्यांनीं असे सामने भरविले कीं ज्यांत चेंडू पायांत घोळविण्यासच बंदी असे. आला कीं द्यावयाचा. ज्या पायानें खेळावयाची संवय नाहीं त्याच पायानें खेळावयाचें, असेहि सामने ते भरवीत. हे नियम कोणासाठीं होते हें उघड आहे. घोळविण्याच्या खेळांत फॉरवर्ड मोठा होतो. देण्याघेण्याच्या खेळांत हाफबॅक मोठा होतो. शाळामास्तराची ही दृष्टि आहे: हुशार एक मुलगा पहिला येण्यापेक्षां सबंध वर्ग उत्तीर्ण व्हावा.

या शिक्षणांतून तयार झालेल्या हाफबॅकांत नूर महंमद यांचें नांव प्रथम घेतलें पाहिजे. १९५२ च्या हेलसिंकी आणि १९५६ च्या मेलबर्न अशा दोन ऑलिंपिकांत ते भारतासाठीं खेळले. त्या दोन ऑलिंपिकांमधलें अंतर मोजावयाचें तर आंकडे पाहावे. हेलसिंकीस युगोस्लाव्हियानें आपला दहा विरुद्ध एक असा धुव्वा उडविला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते आणि हवा थंड होती. शिवाय आपल्या देशांतील सामने त्या काळीं सत्तर मिनिटांचे असत, तेथें नव्वद मिनिटें खेळावें लागे. शेवटच्या वीस मिनिटांचा हा कर्ज-हप्ता सर्वांत जड कोणास जात असेल, तर मधल्या फळीस. या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले आणि तिसऱ्या बचावपटूची नवी मांडणीहि आली. चार वर्षांनीं मेलबर्नला ऑस्ट्रेलियास ४–२ असें हरवून भारत उपांत्य फेरींत गेला, आणि पुन्हां त्याच युगोस्लाव्हियाशीं गांठ पडली तेव्हां सामना ४–१ असा सुटला. पराभवच तो; परंतु नऊ गोलांचें अंतर तीनवर आलें होतें. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे मुंबईचे नेव्हिल डिसूझा यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे, आणि तें असावेंच. नूर महंमद यांचें नांव ठाऊक असणारे किती?

येथें त्या काळच्या फुटबॉलच्या पोटापाण्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. आज ज्यास धंदेवाईक खेळाडू म्हणतात तसा वर्ग त्या वेळीं आपल्या देशांत कागदोपत्रीं नव्हता. सर्व खेळाडू हौशी. परंतु हौसेनें चूल पेटत नाहीं. म्हणून हैदराबादेंत पोलिसांत, मुंबईंत टाटा, कॅल्टेक्स किंवा रेल्वे यांत खेळाडूंस नोकरी मिळे. पगार नोकरीचा, काम खेळाचें. ही एक प्रकारची सोयीची लबाडी होती असें म्हणतां येईल. पण तिनें गल्लीबोळांतून वाढलेल्या गरीब मुलांच्या घरीं महिन्याच्या महिन्यास ठराविक रक्कम येऊं लागली, आणि गुडघा मोडल्यावरहि नोकरी शिल्लक राही, हें विसरतां कामा नये. पोलीस संघांतील मनुष्य हा आमच्या खेड्यांत दंडुका घेऊन आलेला मनुष्य नव्हता. चेंडू उत्तम मारतां येई म्हणून त्यास तो गणवेश मिळाला होता. गणवेश एक, पण आंतला माणूस दुसरा. आमच्या वडिलांस हा भेद न शिकवितां कळला होता, आणि आम्हांस पुस्तकें वाचूनहि कळला नाहीं.

१९५६ सालीं नकाशा बदलला. १ नोव्हेंबर रोजीं हैदराबाद राज्य संपलें. तेलंगण आंध्र प्रदेशांत गेलें, कानडी जिल्हे म्हैसूरांत गेले, आणि मराठवाड्याचे पांच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यांत आले. आमच्या लोकांनीं त्याचा आनंद केला आणि तो योग्यच होता. आपल्या भाषेच्या राज्यांत जाण्याची इच्छा त्यांनीं किती तरी दिवस उरीं बाळगली होती. पण त्या वर्षाची एक गंमत कोणाच्या लक्षांत आली नाहीं. राज्यांच्या संघांतील राष्ट्रीय सामने संतोष चषकासाठीं होतात. १९५६–५७ च्या हंगामांत त्या चषकाचा अंतिम सामना झाला तो हैदराबाद आणि मुंबई यांच्यामध्यें, आणि जिंकलें हैदराबाद. राज्य म्हणून जें अस्तित्वांतून गेलें होतें, तें संघ म्हणून अजिंक्य ठरलें! पुढच्या हंगामांतहि तसेंच झालें: पुन्हां हैदराबाद, पुन्हां समोर मुंबई, पुन्हां विजय हैदराबादचाच. म्हणजे फुटबॉलच्या भाषेंत बोलावयाचें तर, कंधारची बदली त्या वर्षीं विजेत्याकडून पराभूताकडे झाली. खुद्द हैदराबादच्या फुटबॉल संघटनेस मात्र नव्या नकाशाची घाई नव्हती. तिचें जुनें नांव मैदानावर कांहीं काळ तसेंच चाललें. प्रांतांच्या सीमा सरकारी गॅझेटांत एका रात्रींत बदलतात. माणसांच्या आवडीनिवडींस तितकी घाई नसते.

या नंतरच्या पिढींत हैदराबादचा मोठा खेळाडू म्हणजे युसुफ खान. त्यांचा जन्म १९३७ चा. खेळले ते हैदराबाद पोलिसांकडून. कोणत्याहि जागेवर उभे केले तरी खेळूं शकणारे म्हणून त्यांची ख्याति होती. दाढी आणि न थकणारें धांवणें यांमुळें त्यांस 'दाढीवाला घोडा' असें टोपणनांव पडलें होतें. अशा सर्वत्र चालणाऱ्या खेळाडूची एक शोकांतिका असते. जो एका जागीं उभा राहतो त्याच्या नांवापुढें जागा लिहिली जाते. जो सर्व जागा भरून काढतो त्याची कोणतीच जागा इतिहासांत ठरत नाहीं. १९६० च्या रोम ऑलिंपिकांत ते भारतीय संघांत होते. तेथें हंगेरीनें आपल्यास २–१ असें हरविलें, फ्रान्सशीं सामना १–१ असा बरोबरींत सुटला, आणि पेरूनें ३–१ असा विजय मिळविला. पदक नाहीं, परंतु युरोपांतील दोन बलाढ्य संघांपुढें भारत ताठ मानेनें उभा राहिला.

त्याच रोमच्या संघांत दुसरा एक हाफबॅक होता. पण त्यास एकहि सामना खेळावयास मिळाला नाहीं. हे फॉर्चुनातो फ्रँको. मूळ गांव गोव्यांतील बार्देश तालुक्यांतलें कोलवाळ. खेळानें नांव कमावलें तें मुंबईच्या टाटा क्रीडा मंडळाकडून. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यांत होता. म्हणजे फ्रँको भारताच्या संघाबरोबर रोमला गेले तेव्हां त्यांचें गांव भारताच्या नकाशांत नव्हतें. युसुफ खान ज्या राज्यांत जन्मले तें राज्य नाहींसें झालेलें. फ्रँको ज्या गांवांत जन्मले तें गांव अद्याप यावयाचें राहिलेलें. 'आपले कीं त्यांचे' या प्रश्नाचें उत्तर नकाशा पाहून द्यावयाचें म्हटलें, तर या दोघांपैकीं एकाचेंहि उत्तर धड देतां यावयाचें नाहीं.

४ सप्टेंबर १९६२ रोजीं जकार्ता येथें चौथ्या आशियाई खेळांतील फुटबॉलचा अंतिम सामना झाला, त्यांत हे दोघे एकत्र उभे होते. मधल्या फळींत फ्रँको आणि बंगालचे प्रशांत सिन्हा. पुढील फळींत नांव असलेले, परंतु धांवून सर्वत्र पोंचणारे युसुफ खान. गोलांत पीटर थंगराज. कप्तान चुनी गोस्वामी. समोर दक्षिण कोरिया, ज्यानें याच स्पर्धेच्या पहिल्या सामन्यांत आपल्यावर २–० अशी मात केली होती. इस्रायल व तैवान यांना इंडोनेशियानें वगळल्याबद्दल भारताचे गुरुदत्त सोंधी यांनीं उघड आक्षेप घेतला होता. त्यामुळें सारें प्रेक्षागार भारताच्या विरुद्ध होतें. बचावफळीचे जर्नेलसिंग यांच्या डोक्यास जखम झालेली. रहीम यांनीं त्यांस मागें न ठेवतां फॉरवर्डच्या जागीं पुढें पाठविलें. सामना भारतानें २–१ असा जिंकला. गोल केले पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांनीं.

नोंद एवढीच सांगते. आणि येथेंच इतिहासकाराचें काम सुरू होतें. दोन गोल कोणाचे तें लिहिलेलें आहे. परंतु ज्या कोरियानें पहिल्या सामन्यांत दोन गोल केले, त्यास या सामन्यांत एकावरच कोणीं अडविलें? जर्नेलसिंगांसारखा मोहरा मागून काढून पुढें देण्याचें धाडस रहीम यांनीं कशाच्या बळावर केलें? मागें अरुण घोष आणि त्यांचे सोबती उभे होते आणि त्यांच्यापुढें मधली फळी होती, म्हणूनच ना? कोणाचा वांटा किती, हें ताळेबंदांत मांडतां यावयाचें नाहीं. न झालेल्या गोलाचा पुरावा कोठेंहि ठेवला जात नाहीं. खंदकांत बुडून परत फिरलेल्या शत्रूची नोंद किल्ल्याच्या दफ्तरांत नसते. नोंद असते ती बुरुजावरून उडालेल्या तोफेची. घडलेल्या गोष्टींचा इतिहास लिहिणें सोपें आहे. न घडूं दिलेल्या गोष्टींचा इतिहास लिहिणें कठीण, आणि मधल्या फळीचें सारें कर्तृत्व याच दुसऱ्या प्रकारांत मोडतें.

या विजयानंतर नऊ महिन्यांनीं, ११ जून १९६३ रोजीं, रहीम कर्करोगानें वारले. त्यांच्यामागें हैदराबादचें फुटबॉल एकाएकीं संपलें नाहीं, परंतु त्याची पकड ढिली झाली. कलकत्त्याच्या क्लबांची ओढ आधींपासूनच होती. आतां ती अडविणारा मास्तर उरला नाहीं. १९६३–६४ च्या हंगामांत संतोष चषकाच्या अंतिम सामन्यांत महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश समोरासमोर आले, आणि या वेळीं महाराष्ट्र एक गोलानें जिंकला. फ्रँको त्या विजयी संघांत होते. महाराष्ट्र या नांवानें मिळविलेला हा पहिला संतोष चषक. सात वर्षांपूर्वींचा हिशेब असा फिटला. कंधारचे लोक आतां महाराष्ट्राचे नागरिक होते. त्या विजयाचा आनंद त्यांचा हक्काचा होता. आम्हीं वडिलांस एकदां विचारलें कीं, त्या दिवशीं तुम्हांला काय वाटलें? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बरं वाटलं. पण रहीमसाहेब असते तर सामना तसा झाला नसता." आनंदहि खरा, हळहळहि खरी. ज्यास आम्ही विसंगति समजत होतों ती विसंगति नव्हती. तो एका मनुष्याच्या आयुष्यांत आलेल्या दोन राजधान्यांचा प्रामाणिक जमाखर्च होता.

युसुफ खान यांस १९६६ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. २००६ सालीं ते वारले. फ्रँको २०२१ च्या मे महिन्यांत निवर्तले. त्यांच्या काळाशीं आजचा काळ ताडून पाहिला तर खेळाडूची स्थिति पुष्कळ बदलली आहे. १९९६ सालीं राष्ट्रीय लीग सुरू झाली, २०१४ सालीं इंडियन सुपर लीग आली. मधल्या फळींतील चांगला खेळाडू आज उघड करार करून खेळतो आणि खेळाचाच पगार घेतो. यांत लबाडी नाहीं, ही मोठी सुधारणा आहे. परंतु दुसरी बाजूहि पाहावी. हैदराबादेंत २०१९ सालीं नवा धंदेवाईक क्लब निघाला; २०२१–२२ च्या हंगामांत त्यानें सुपर लीगहि जिंकली; आणि २०२५ सालीं तोच क्लब दिल्लीस हलविण्यांत आला. मालकाच्या सहीनें संघ एका गांवाहून दुसऱ्या गांवास जाऊं शकतो, हें आमच्या वडिलांच्या पिढीस समजलें नसतें. पोलीस संघ कितीहि हरला असता तरी शहर सोडून कोठें गेला नसता. त्याचा गणवेशच शहराचा होता.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. आमच्या प्रांतांत दोन प्रकारचे लोक आढळतात. एक म्हणतात, निजामी राजवटीबरोबर हैदराबादशीं आमचा संबंध संपला. त्या शहराचें चांगलें-वाईट आम्हांस कांहीं नको. दुसरे जुन्या हैदराबादच्या आठवणींत इतके रमतात कीं, उमरी, कल्हाळी हीं नांवेंच त्यांच्या बोलण्यांतून गळतात. दोघांचीहि सोय होते, पण इतिहासाची होत नाहीं. रझाकारांचा जुलूम सांगावयाचा तो संकोच न करतां सांगावा. त्यानंतर निरपराधांवर झालेला अत्याचार सांगावयाचा तोहि संकोच न करतां सांगावा. आणि त्या दोहोंच्या नंतर अडीच वर्षांच्या आंत एका मुसलमान मास्तरानें हैदराबादच्या गल्ल्यांतून खेळाडू वेंचून भारताचा संघ उभारला, हेंहि त्याच दमांत सांगावें. तिसरी गोष्ट पहिल्या दोन गोष्टींस पुसून टाकीत नाहीं. पण तिच्यावांचून पहिल्या दोन गोष्टी पुऱ्या होत नाहींत.

पुढील आठवड्यांत आम्हीं वर्गांत हें सर्व आमच्या परीनें सांगितलें. रहीम आपले, नूर महंमद आपले, युसुफ खान आपले. आणि फ्रँको तर आपले आहेतच. कंधारनें ज्या राज्यांत वर्षानुवर्षें सारा भरला, त्या राज्याच्या जुलमाचा वांटा जर आपल्याकडे आला, तर त्याच्या गुणांचा वांटा नाकारण्याचें कारण नाहीं. वर्ग या वेळीं हंसला नाहीं. त्या विद्यार्थ्यानें मात्र वही उघडून विचारलें, "सर, नूर महंमद यांच्याबद्दल मराठींत कोणतं पुस्तक वाचूं?"

आम्हांस एकाहि पुस्तकाचें नांव सांगतां आलें नाहीं. म्हणून हा लेख लिहिला.